आग्रह ग्लासापाशी थांबावा

नाशिकची वाइन मुंबईला जाते ती वडप्यावरून. कसारा घाट उतरलेले ट्रक शहापूर, आसनगाव, पडघा मागे टाकत इथे येतात आणि पुढे ठाण्याकडे वळतात. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं होती. आज तिथे पत्र्याच्या छपरांची गोदामं उभी आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि भिवंडी तालुक्याचं हे टोक नाशिकच्या आणखी जवळ आलं. शनिवारी द्राक्षबागा बघायला गेलेली मुंबई-ठाण्याची मंडळी रविवारी संध्याकाळी याच वाटेने परततात. गाडीच्या डिकीत दोन-तीन बाटल्या असतात आणि वाटेत वडप्याला मामाकडे किंवा मित्राकडे थांबा असतो. या पुस्तिकेचा विषय तिथूनच सुरू होतो. बाटली घरात येते, टेबलावर ठेवली जाते, आणि पुढे नेमकं काय करायचं हे यजमानालाही धड ठाऊक नसतं आणि पाहुण्यालाही.

वाइन म्हटलं की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे परदेश येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला इंडेजची फेसाळ वाइन काढली. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली नाशिकहून बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. पुढे दिंडोरी, इगतपुरी, निफाड, थेट सोलापूर जिल्ह्यात अकलूजपर्यंत वाइनच्या बागा पसरल्या. द्राक्षाची वेल युरोपात थंडीत झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. तोडणी येते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या वेली पानं गाळून निजलेल्या असतात तेव्हा. आपल्या शेतकऱ्याने हे पीक आपल्या ऋतूंत बसवून घेतलं. आपण मात्र ते आपल्या पंगतीत बसवून घेतलेलं नाही.

आपल्याकडे मद्याची एकच रीत रुळली. पुरुष गच्चीवर ‘बसतात’. शेंगदाणे, फरसाण, तळलेले बोंबील खालून वर जात राहतात. घरातली बाई दोन तास तव्यापाशी उभी असते. जेवण अकराच्या पुढे जातं आणि तोवर कुणाला चवीचं भान उरलेलं नसतं. व्हिस्कीची ही बैठक आपण जशीच्या तशी वाइनला लावली. ती तिला मानवत नाही. वाइन जेवणाबरोबर घ्यायची आहे, जेवणाच्या आधीचा वेळ काढायला नाही. पाहुणे आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पानं वाढली जावीत आणि ज्यांनी रांधलं ते सगळ्यांबरोबर बसलेले असावेत, ही पहिली गोष्ट सांभाळली तरी बाकीचं बरंच आपोआप जागेवर येतं. घरच्या बाईला वाइन हवी का, हे तिलाच विचारावं, तिच्या नवऱ्याला नव्हे. ‘तुमच्या मिसेस घेतात का?’ असा प्रश्न मी अजून ऐकतो आणि दर वेळी तो मला खटकतो. ती समोर बसलेली असते.

आता मुख्य मुद्दा. मराठी पाहुणचार आग्रहावर उभा आहे. पाहुण्याने पानावर हात आडवा धरायचा आणि यजमानाने त्या हाताच्या फटीतून जिलबी सरकवायची, यात दोघांनाही आनंद असतो. नको म्हणणं हा त्या खेळाचा भाग असतो आणि ते कुणी खरं मानत नाही. दुसरा नियम तितकाच जुना आहे: पानात टाकू नये. अन्न पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात ताटात उरलेला घास लहान मुलालाही टोचतो. हे दोन्ही नियम सुंदर आहेत आणि मी ते बदला म्हणणार नाही. पण ते ग्लासापाशी थांबले पाहिजेत. वाइनच्या बाबतीत पाहुण्याचं पहिलं ‘नको’ हेच शेवटचं. ग्लासावर हात ठेवला की बाटली मागे घ्यायची, कारण विचारायचं नाही. ‘अहो, वाइनच तर आहे’, ‘एवढ्याने काय होतंय’, ‘आमचा मान ठेवा’ ही वाक्यं यजमानाने तोंडातून काढू नयेत. आणि ग्लासात उरलेली वाइन म्हणजे यजमानाचा अपमान नव्हे. पाहुण्याने अर्धा ग्लास तसाच सोडून उठावं, आणि यजमानाने तो काही न बोलता मोरीत रिकामा करावा. जिलबीचा आग्रह फार तर पोट जड करतो. दारूच्या आग्रहाने संसार मोडलेले आपण सर्वांनी जवळून पाहिले आहेत.

याच कारणासाठी या पुस्तिकेत न पिणाऱ्या पाहुण्याचं प्रकरण सर्वांत आधी घेतलं आहे. भिवंडी परिसरात तर ते टाळताच येणार नाही. इथे एका टेबलाभोवती गळ्यात तुळशीची माळ असलेले माळकरी काका असू शकतात, यंत्रमागाच्या धंद्यातले मुसलमान भागीदार असू शकतात, औषधं चालू असलेली मावशी असते, दारू सोडून काही वर्षं झालेला एखादा मित्र असतो आणि रात्री गाडी चालवून कल्याणला परतणारा कुणीतरी असतोच. यातल्या कुणालाही आपण का घेत नाही हे सांगावं लागू नये. त्यांच्यासाठीचं पेय नंतर सुचलेलं नसावं. कोकम सरबत, ताजी सोलकढी, आलं-लिंबाचं पाणी आधी करून थंड ठेवलेलं असावं आणि ते इतरांसारख्याच काचेच्या ग्लासातून यावं. वाइन घेणाऱ्यांना उंच देठाचा ग्लास आणि काकांना स्टीलचा पेला, हा फरक काकांच्या लक्षात येतो. चिअर्स म्हणताना सरबताचा ग्लासही त्याच उंचीला उचलला जावा. आणि बाहेर गाडीत ड्रायव्हर बसलेला असेल तर त्याचं ताट पाहुण्यांच्या ताटांबरोबर वाढावं. ते उरल्यासुरल्याचं नसावं.

घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न थोडा अवघड आहे. अनेक घरांत मुलगा चाळिशीचा झाला तरी वडिलांसमोर ग्लास हातात धरत नाही. काही तरुण याला ढोंग म्हणतात. मला तसं वाटत नाही. वडिलांना दिसतं, मुलालाही ठाऊक असतं की त्यांना दिसतं, आणि तरी दोघं ती मर्यादा पाळतात, यात एक प्रकारचा आदर आहे. घरात वडिलांना हे चालत नसेल तर त्या घरात वाइन उघडू नये, एवढं साधं आहे. श्रावणात, चातुर्मासात, गणपतीच्या दिवसांत पाळणारी घरं असतात. पाहुण्याने बाटली नेण्याआधी तिथी बघितली तर बिघडत नाही. आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर हे तर राज्यात ड्राय डे आहेतच. हळदीच्या रात्री तर मी वाइनही नकोच म्हणेन. आगरी समाजातल्या जाणत्या मंडळींनी हळदीतल्या दारू-डीजेच्या खर्चाविरुद्ध आवाज उठवला आहे, त्यांच्या पाठीशी उभं राहायची ही वेळ आहे.

आता बाटलीकडे. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यावी’ हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो. तो युरोपातल्या जुन्या दगडी घरांसाठी होता, जिथल्या खोलीचं तापमान १६ ते १८ अंश असायचं. वडप्यात एप्रिलमध्ये पारा ३८ च्या पुढे जातो. त्या खोलीतली रेड वाइन कोमट लागते, तिच्यातला मद्यार्क नाकात चढतो आणि फळाचा वास नाहीसा होतो. आपल्याकडे रेडसुद्धा फ्रीजमध्ये ठेवावी आणि वाढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढावी. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांवर, फेसाळ वाइन त्याहूनही गार. पाहुणा ऐनवेळी बाटली घेऊन आला आणि फ्रीजमध्ये जागाच नसली, तर बादलीत बर्फ घ्यावा, त्यात पाणी ओतावं आणि दोन मुठी खडे मीठ टाकावं. मे महिन्याच्या सुट्टीत पॉटचं आइस्क्रीम फिरवताना डब्याभोवती जे करत होतो तेच. मिठाने बर्फ वितळतो, वितळताना पाणी शून्याच्या खाली जातं आणि ते बाटलीला सगळीकडून भिडतं. पंधरा-वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या कोरड्या बर्फात ती तासभर उभी ठेवली तरी खालचा भाग तेवढा थंड होतो.

उष्णता पिताना नडते त्याहून जास्त साठवताना नडते. बंद गाडीच्या डिकीत, उन्हात, माजिवड्यापासून वडप्यापर्यंतच्या कोंडीत अडकलेली बाटली खराब होते. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेली तर नक्कीच. अशा वाइनला शिजल्यासारखा, मुरंब्यासारखा वास येतो. बाटली विकत घेताना मानेकडे बघावं: बूच किंचित वर सरकलेलं असेल, बुचाच्या कडेला चिकट ओघळ वाळलेला असेल तर ती ऊन खाल्लेली आहे, घेऊ नये. वाइन घरी ठेवायचीच असेल तर गॅसच्या वरचं कपाट आणि फ्रीजचा माथा या दोन जागा टाळाव्यात. नेमकी तिथेच ती बहुतेक घरांत ठेवलेली आढळते. आपल्याकडच्या बहुतेक वाइन वर्षा-दोन वर्षांत प्यायच्या असतात, मुरत ठेवायच्या नसतात. मुलाच्या जन्मावेळी घेतलेली साधी व्हाइट त्याच्या लग्नात उघडायची स्वप्नं बघू नयेत.

बाटली यजमानाने उघडावी, टेबलाशी, सर्वांसमोर. आता अनेक भारतीय वाइनला फिरकीचं झाकण असतं आणि त्यात काहीही कमीपणा नाही. झाकणाच्या वाइनला बुचाचा दोष लागत नाही. बूच असेल तर स्क्रू मधोमध सरळ उतरवावा. बूच काढल्यावर यजमानाने आधी स्वतःच्या ग्लासात घोटभर ओतून वास घ्यावा. हा दिखावा नव्हे. बुचात कधी कधी एका बुरशीमुळे असं रसायन तयार होतं की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो. पावसाळ्यात गळक्या गोदामात भिजलेले खोके ज्यांनी हुंगले आहेत, त्यांना हा वास ओळखायला कुणी शिकवावं लागणार नाही. तो आला तर ती बाटली बाजूला ठेवावी, पाहुण्यांना देऊ नये. घोटभर चाखण्याचा हेतू एवढाच की खराब वाइन पाहुण्याच्या आधी यजमानाच्या तोंडी जावी.

फेसाळ वाइनच्या बाबतीत लग्न-वाढदिवसांत जे चालतं ते बंद व्हायला हवं. बाटली हलवून बूच उडवणं हा डोळा गमावण्याचा मार्ग आहे. आत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो. बाटली नीट गार करावी, कारण कोमट बाटली जास्त उसळते. वेष्टन काढावं, बुचावर अंगठा दाबून तारेची कडी सहा अर्धे फेरे उलटी फिरवावी, आणि त्यानंतर अंगठा क्षणभरही काढू नये. बाटली तिरपी धरावी, तोंड माणसांकडे नसावं. मग एका हातात बूच घट्ट धरून दुसऱ्या हाताने बाटली फिरवावी. फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. बूच हळूहळू वर येतं, आपण त्याला उलट दाबून रोखायचं, आणि शेवटी फक्त फुस्स असा आवाज व्हावा. मोठा धमाका झाला तर थोडी वाइन फरशीवर जाणार हे ठरलेलं.

ग्लास महाग नसला तरी चालतो, पण स्वच्छ हवा. आपल्या स्वयंपाकघरात हळद, हिंग, तेल आणि साबण यांचे वास काचेला धरून बसतात. उलटे घालून बंद कपाटात ठेवलेल्या ग्लासाला त्या कपाटाचा वास लागतो. पाहुणे यायच्या आधी ग्लास नुसत्या गरम पाण्याने विसळून, धुतलेल्या सुती कापडाने पुसून घ्यावेत. टेबलाजवळ उदबत्ती, मोगऱ्याचा मोठा गजरा, रूम फ्रेशनर नको. ग्लास तिसरा हिस्साच भरावा, म्हणजे वास फिरायला जागा राहते. काठोकाठ भरणं हे आपल्याकडे उदार मनाचं लक्षण मानतात, इथे ते चुकीचं. ग्लास देठाला धरावा. त्यात नजाकतीचा भाग नाही, तळहाताची ऊब वाइनला लागू नये एवढंच कारण आहे. ज्या नियमाला कारण आहे तो पाळावा, हा मी या पुस्तिकेत लावलेला निकष आहे. ज्याला कारण सापडलं नाही, तो सोडला. वाइन जोरजोरात गरगर फिरवणं, तिच्यात बेरी-चामडं-तंबाखूचे वास मोठ्याने मोजून दाखवणं, आधी बायकांना आणि मग पुरुषांना वाढण्याचा क्रम, हे सगळं सोडलं. आपल्याकडे आधी वडीलधारे, मग पाहुणे, शेवटी यजमान हा क्रम आहे. तोच इथेही पुरे.

जेवणाच्या जोडीचं सविस्तर प्रकरण पुढे आहे, इथे दोनच गोष्टी. मांसाबरोबर रेड आणि माशाबरोबर व्हाइट हा ठोकताळा आपल्या मसाल्यांपुढे अपुरा पडतो. आगरी मटणाच्या तिखटाबरोबर तुरट रेड घेतली तर जीभ आणखी पेटते. त्याला किंचित गोडसर शेनँ ब्लाँ किंवा गार रोझे बरी. कुरकुरीत बोंबील, कोळंबी यांच्याबरोबर आंबटसर, कोरडी सॉव्हिन्यों ब्लाँ चांगली लागते, आणि चिंबोरीच्या कालवणाबरोबर पुन्हा शेनँ. तुरट रेड माशाबरोबर घेतली तर तोंडात लोखंडासारखी चव येते, म्हणून ती टाळायची. तांदळाची भाकरी मात्र कुणाशीही भांडत नाही.

भेट म्हणून आणलेल्या बाटलीवरून बरेच गैरसमज होतात. पाहुण्याने ती देऊन टाकली की ती यजमानाची. यजमानाने ती त्याच रात्री उघडली पाहिजे असं बंधन नाही, कारण त्याने जेवणाला शोभणारी दुसरी योजलेली असू शकते. पाहुण्याला ती सगळ्यांबरोबर प्यायची इच्छा असेल तर त्याने आधी फोन करून सांगावं आणि थंड करून आणावी. किंमत कुणीच काढू नये. न पिणाऱ्या घरी बाटली नेऊच नये. मिठाईचा पुडा न्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली नाही तर ही पुस्तिका अप्रामाणिक ठरेल. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावर मोठा वाद झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात वाइन म्हणजे दारू नव्हे असं काही नेत्यांनी ठासून सांगितलं. शेतकऱ्याच्या बाजूने बोलण्याची त्यांची इच्छा समजते, मलाही द्राक्ष बागायतदाराचं भलं व्हावंसं वाटतं. पण वाइन ही दारूच आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. साडेबारा टक्के मद्यार्काच्या अशा एका ग्लासात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असतं, आणि व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १०. म्हणजे वाइनचा एक ग्लास छोट्या पेगच्या दीडपट भरतो. दारूचं पूर्णपणे सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. हे जाणून ज्याला थोडी घ्यायची आहे त्याने घ्यावी. न घेणाऱ्याला ‘द्राक्षाचा रस आहे’ असं सांगून ती कुणी देऊ नये.

मोटार वाहन कायद्यानुसार गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि ती एक-दोन ग्लासांतच ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाहून मोठी भीती रस्त्याची आहे. वडप्याच्या महामार्गावर रात्री कंटेनरच्या रांगा असतात, काही ठिकाणी काम चालू असतं, आणि थकलेल्या ट्रकवाल्याच्या समोर प्यायलेला मोटारवाला येणं म्हणजे काय हे इथल्या माणसांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे घरी परत जाण्याची व्यवस्था ही यजमानाचीच जबाबदारी मानली आहे. पाहुण्याने किल्ली मागितली आणि आपल्याला शंका वाटली, तर मैत्री पणाला लावून ती देऊ नये. हॉल किंवा लॉन घेऊन कार्यक्रम करणाऱ्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसाचा तात्पुरता परवाना घ्यावा. त्याची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे.

यातलं बहुतेक सगळं आमंत्रणाच्या फोनवरच निभावता येतं. ‘शनिवारी आठला या, साडेआठला जेवायला बसू. घेणाऱ्यांसाठी वाइन असेल, बाकीच्यांसाठी सोलकढी. गाडी आणणार असाल तर चालवणार कोण ते ठरवून या, नाहीतर राहायच्या तयारीने या, गाद्या घालून ठेवतो. आणि आईंना हे चालणार नसेल तर मोकळेपणाने सांगा, आपण नुसतंच जेवू.’